देवाचा धरून की सोडून

आमच्या गोठ्यातली म्हैस चांगली धडधाकट होती. दोन्ही वेळा दूध द्यायची, संधी मिळाली की दावं तोडून इंद्रायणीत जाऊन डुंबायची आणि कुणी हाकलायला गेलं की शिंगं दाखवायची. अशा म्हशीसमोर उभी राहून माझ्या साडेसहा वर्षांच्या मुलीनं बोटानं एकेक पाय दाखवत मोजले आणि म्हणाली, "तीन." मी म्हटलं, नीट बघून मोज. तिनं नीट बघून मोजले. तीनच.

दुसरी एखादी आई हसली असती. मी घाबरले.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी पोरीला विषमज्वर झाला होता. ताप चढला की ती छताकडे बघून काहीबाही बोलायची, मला ओळखायची नाही. तापातून उठली तेव्हा काडी झाली होती आणि डोक्यावरचे केस मुठीमुठीनं गळून गेले होते. केस परत आले, अंग भरलं, पण मोशीसारख्या गावात अशा आजाराची चर्चा आजारापेक्षा जास्त दिवस टिकते. ताप डोक्यात गेला की माणूस अर्धवट राहतं, असं आमच्या आळीत कुणी ना कुणी सांगायचंच. त्यासाठी कुणाच्या तरी चुलत्याचं नाहीतर मावसभावाचं उदाहरणही तयार असायचं.

आणि मी आधीच एक मूल गमावलेलं होतं. माझा पहिला मुलगा बारशाआधीच गेला. सासूबाई म्हणाल्या, "देवाचा हुता, देवानं न्हेला. मोजायचा न्हाई." त्यांनी ते मायेनंच म्हटलं. गावातल्या सगळ्याच बायका तसं करत. कुणी विचारलं, मुलं किती, तर जी अंगणात खेळताहेत तेवढी सांगायची. मीही तशीच सांगत असे. ही मुलगी आणि तिच्या पाठचा धाकटा, दोन. गावाला ही थोरलीच होती, आणि तिला काही झालं तर मी काय करीन, हा विचार मी मनात येऊच देत नसे. तो आपला यायचाच.

शाळा तेव्हा मारुतीच्या देवळात भरायची. गुरुजी कोकणातले होते, एकटेच चार इयत्ता सांभाळायचे, आणि माणूस खरंच चांगला होता. पोरगी एक वर्ष बिगारीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, बसली. कविता पाठ, अक्षर ठसठशीत, पण आकड्यात नापास. दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं तेव्हा गुरुजींनी मला पारापाशी थांबवलं आणि हळूच सांगितलं, "बाई, मुलगी हुशार वाटते हो. पण पाटीवर पाच रेघा काढल्या की ती चार म्हणते. सहा खडे ठेवले की पाच. कधी बरोबर येतच नाही. मोठ्या तापानंतर होतं असं कधी कधी. तुम्ही तिला कुणाला तरी दाखवा."

मी चिंचवडच्या किराणा दुकानदाराची मुलगी. सातवीपर्यंत शिकलेली. पावकी, निमकी, दिडकी मला झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता यायची. लग्नाआधी गल्ल्यावर बसून मी अच्छेर साखर आणि पावशेर डाळीचा हिशेब गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत सांगायचे. माझ्या पोटच्या पोरीला पाचपर्यंत मोजता येऊ नये, याचा आधी मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो, लपवून काय उपयोग. घरी येईपर्यंत तो राग उतरला आणि त्याच्या जागी भीती बसली.

आमचे हे तेव्हा नुकतेच पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागले होते. पहाटे सायकलवर टांग मारायची ती दिवेलागणीला घरी. घरातला पहिला माणूस नांगर सोडून भोंग्यावर कामाला जाणारा, त्यामुळे सासरे त्यांच्याशी जरा तुटकच वागत. ह्यांनी गुरुजींचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुगी उरकली की रजा टाकतो. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचा डॉक्टर असतो म्हणे. एकदाचं कळू दे."

एकदाचं कळू दे, हेच तर मला नको होतं. जोवर कळलं नव्हतं तोवर माझी पोर पोरच होती. मी म्हटलं, सुगीपर्यंत मी तिला घरीच शिकवते. तेव्हाही जमलं नाही तर जाऊ.

मग मी पदर खोचला. पाटी-पेन्सिलीला मुद्दामच हात लावला नाही, कारण पाटी दिसली की पोर गोगलगाय व्हायची. मी तिला घरातच सगळीकडे गणित दाखवायला लागले. चूल पेटवताना गोवऱ्या मोज, विहिरीवरून येताना घागरी मोज, वाळत घातलेल्या पापडांना राखणीला बस आणि बसल्या बसल्या मोज. चिंचोके भाजायच्या आधी मोजायचे आणि मग खायचे, म्हणजे मोजण्यातही गोडी येईल असा माझा हिशेब. सागरगोटे खेळताना मी तिच्याबरोबर फतकल मारून बसायची. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. शिकलेली सून दुपारी पोरीबरोबर सागरगोटे खेळते, हे त्यांनी कुणाकुणाला सांगितलं असेल कोण जाणे.

आणि त्या खेळांत मला एक गंमत दिसायला लागली. तेव्हा ती गंमत वाटली नाही, डोकेदुखी वाटली. वाटणी करायला सांगितली की पोरीचा हात अचूक. भाकरीची अर्धी, चतकोर, नितकोर, सगळं तिला येत होतं. नितकोर म्हणजे चतकोराचं अर्धं, हे मी सांगायच्या आधीच तिनं भाकरी मोडून दाखवलं. भावाच्या आणि तिच्या ताटलीत गूळशेंगदाणे वाटायला दिले तर एक दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही. पण "किती झाले?" विचारलं की एक कमी. नेहमी एकच कमी. कधी दोन कमी नाहीत, कधी एक जास्त नाही. मुठीत चिंचोके धरून एकी-बेकी खेळायला बसलो की मूठ उघडल्यावर ती मोजायची, आणि एकी असेल तिथं बेकी म्हणायची, बेकी असेल तिथं एकी. चुलत बहिणी तिच्याशी भांडायच्या. शेवटी त्यांनी तिला खेळात घेणंच सोडलं, आणि ती उंबऱ्यावर बसून त्यांचा खेळ बघायची. ते मला बघवायचं नाही.

आणखी एक खोड होती. चिंचोके पुढ्यात ओतले की मोजायच्या आधी ती त्यातला एक उचलून बाजूला, भिंतीच्या कडेला ठेवायची. अगदी नीट, हलक्या हातानं. मला वाटायचं, हा चाळा आहे. मी तो चिंचोका उचलून परत ढिगात टाकायची आणि म्हणायची, "सगळे मोज." ती माझ्याकडे असं बघायची की जणू मी काहीतरी भलतंच केलंय. पण आईला उलट बोलायचं वळण तिला नव्हतं. मग ती ढिगाकडे बघून ओठ हलवायची आणि एक कमी सांगायची.

म्हशीच्या पायांची गोष्ट त्याच दिवसांतली. त्या दिवशी मी शिकवणं बंद केलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं कुणीतरी मागे म्हटलं होतं तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेले होते. आता तेच माझ्या मनात आलं आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकून रडले. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती, चारही पायांवर उभी.

सुगी आली. शाळूची मळणी झाली, वारा बरा होता म्हणून उपणणीही एका दमात उरकली, आणि खळ्यावर पांढरीशुभ्र रास लागली. आमच्याकडे रास मोजायचं काम पुरुषांचं. बायका खळ्याच्या कडेपर्यंत भाकरी घेऊन जायच्या, पण माप चालू झालं की तिथं थांबायचं नाही, अशी सासऱ्यांच्या घरची रीत. अपवाद फक्त माझ्या लेकीचा. ती रांगायला लागल्यापासून सासरे तिला मापाला घेऊन जात. म्हणत, "लक्षिमी बसली पायजे राशीपाशी." तापातून उठली त्या वर्षीही तिला घोंगडीत गुंडाळून नेली होती. तिथं आजा-नात काय करतात, मी कधी पाहिलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. पोर दोन तास कुणाकडे तरी सुखात आहे, एवढंच मला पुरे असायचं.

त्या वर्षी मात्र पंचाईत झाली. माप घालायचं तर पोत्याचं तोंड धरायला एक माणूस लागतं. ते काम नेहमी दिरांचं. दीर बैलगाडी घेऊन चाकणच्या बाजाराला गेलेले, आणि आमचे हे कारखान्यात. सासरे राशीभोवती दोन फेऱ्या मारून आले, आभाळाकडे बघितलं, आणि दारात येऊन नजर वर न करता म्हणाले, "सूनबाई, पोतं धरशीला का?"

मला जायचंच होतं, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. सासूबाई काही म्हणायच्या आत मी चपला काढून खळ्यावर पोचले.

सासऱ्यांनी राशीला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. मला म्हणाले, "आता माप संपस्तवर बोलायचं न्हाई." मी मान हलवली. पोतं दोन्ही हातांनी ताणून धरलं. मुलगी राशीच्या पलीकडे उकिडवी बसली होती. तिच्या परकराच्या ओच्यात खडे होते, नदीतले, गुळगुळीत. मला वाटलं, खेळायला आणलेत.

सासऱ्यांनी पायली भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि म्हणाले, "लाभ."

आमच्या भागात धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे दुकानदाराच्या मुलीला ठाऊक होतं. आमच्या दुकानात वडील म्हणायचे, लाभ, दोन, तीन. म्हणजे नाव फक्त बदलायचं, मोजणी तीच. पण सासऱ्यांनी ती लाभाची पायली माझ्या पोत्यात ओतलीच नाही. शेजारी एक वेगळी वेताची पाटी ठेवलेली होती, तिच्यात ओतली. मग दुसरी पायली भरली, पोत्यात ओतली आणि म्हणाले, "येक."

पहिलं माप देवाचं. ते देवळात जायचं, तिथून ज्याला लागेल त्याला. ते घरच्या मोजणीत धरायचं नाही. ही आमच्या सासऱ्यांच्या घरची रीत, आणि इतकी वर्षं त्या घरात राहून मला तिचा पत्ता नव्हता.

मी पाटीकडे बघितलं, आणि मग मुलीकडे.

सासऱ्यांनी लाभ म्हटल्याबरोबर तिनं ओच्यातला एक खडा काढला होता आणि तो पाटीच्या कडेला ठेवला होता. अगदी नीट, हलक्या हातानं. मग सासरे येक म्हणाले, तेव्हा दुसरा खडा तिनं आपल्या पुढ्यात मांडला. दोन, आणखी एक. तीन, आणखी एक. आज्याचं माप चुकू नये म्हणून खडे मांडायचं काम तिच्याकडे होतं. ते ती कधीपासून करत होती देव जाणे.

मी पोत्याचं तोंड आणखी घट्ट धरलं. मला ओरडायचं होतं, धावत जाऊन तिला उचलायचं होतं, आणि बोलायला बंदी. माझ्यासारख्या बाईला गप्प बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच, पण त्या दिवसाएवढी मोठी शिक्षा मला कधी झाली नाही. रास काही संपेना. एक पोतं भरलं, दुसरं लावलं. सासरे भरताहेत, ओतताहेत, माझी लेक खडे मांडतेय, पाच पाचचे ढीग करतेय, आणि मी ओठ दातांत धरून उभी. धान्याची धूळ डोळ्यात जात होती, ते एक बरं होतं.

शेवटची पायली पडली. सासरे घाम पुसत खाली बसले आणि नातीला म्हणाले, "किती गं बाय?"

तिनं ढीग मोजले. पाच पाचचे ढीग, आणि वरचे सुटे. आकडा पन्नासाच्या वर होता. शाळेत पाच रेघांना चार म्हणणाऱ्या पोरीनं तो आकडा सांगितला आणि सासरे म्हणाले, "बराबर हाय."

मी पोतं सोडलं. त्याचं तोंड कलंडून थोडा शाळू सांडला, तरी सासरे माझ्या तोंडाकडेच बघत राहिले. मी मुलीपुढे बसले आणि पाटीपाशी ठेवलेला खडा दाखवून विचारलं, "हा का नाही मोजलास?"

"त्यो देवाचा," ती म्हणाली. मला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटलं असावं.

"आणि चिंचोके? त्यातला एक बाजूला काढतेस तो?"

"पयला देवाचा असतो ना. देवाचं मोजायचं नसतं." मग जरा थांबून, तक्रारीच्या सुरात, "तू त्यो परत टाकायचीस. मग मी मनातल्या मनात काढायची."

"आणि म्हशीचा पाय?"

इथं ती जरा घुटमळली. म्हशीचा पाय देवाला कसा द्यायचा हा प्रश्न तिलाही पडला असणार. "मोजायचं म्हनलं की तसंच मोजायचं ना?" ती म्हणाली.

"कुणी शिकवलं तुला असं?"

"आबांनी. आनि तू."

"मी?"

"तू भाकरी करतीस. पयली गाईची. ती येगळी ठिवतीस. मग पुढच्या मोजतीस आनि म्हनतीस, धा झाल्या."

खरं होतं. शब्दन्‌शब्द खरं होतं. रोज सकाळी तव्यावरची पहिली भाकरी मी गाईसाठी बाजूला ठेवायची, आणि मग घरातल्या माणसांच्या हिशेबानं मोजायला लागायची. टोपल्यात दहा असल्या तरी थापलेल्या असायच्या अकरा. पोर चुलीपाशी बसून बघायची. मी तिला घरात जागोजाग गणित शिकवायला निघाले होते आणि घरानं ते तिला आधीच शिकवून ठेवलं होतं, इतकं पक्कं की शाळेलाही ते पुसता येईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. खळ्याच्या मधोमध, चपला नाहीत, पदर धुळीनं माखलेला, आणि पोरीला इतकी घट्ट धरलेली की ती म्हणाली, "आये, खडं टोचत्यात."

सासरे उठून जवळ आले. "काय झालं सूनबाई?"

"मामंजी, पोरीचं डोकं शाबूत आहे."

"मंग?" ते म्हणाले. "न्हाई म्हनून कोन म्हनलं?"

मी त्यांना गुरुजींचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. म्हशीचं ऐकून ते मोठ्यानं हसले. मग पागोटं सारखं करत दुसरीकडे बघत म्हणाले, "तापातनं उठली त्या सालापास्नं मी तिला खडं मांडाया लावलं. म्या बी म्हनलं, बघावं. येकदा बी चुकली न्हाई. तुमी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं."

म्हणजे भीती एकट्या माझ्याच घरात नव्हती. आम्ही दोघं एकाच छपराखाली, एकाच पोरीबद्दल, वेगवेगळे घाबरत होतो. त्यांची भीती तेवढी दोन सुग्यांआधी गेली होती. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. त्यातलं काहीच न करता मी सांडलेला शाळू भरायला घेतला.

संध्याकाळी आमचे हे सायकल लावतात न लावतात तोच मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा जीव भांड्यात पडला तो मला दिसला. तोंडावर पाणी मारायला गेले ते बराच वेळ पाणीच मारत राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "रजा मिळालीच आहे तर पुण्याला जाऊच. दवाखान्यात नको, तिला पेशव्यांची बाग दाखवू." पोर म्हणाली, आबा पण. सासरे कारखान्यातल्या मुलाच्या पैशानं फिरायला यायला कबूल झाले, हेही त्या वर्षीचं एक आश्चर्यच.

तरी शाळेची परीक्षा राहिलीच होती. गुरुजींना जाऊन सांगावं असं मला फार वाटलं. पण आई पोरीची बाजू घेतेय असंच त्यांना वाटलं असतं, आणि मुलीलाही आपलं आपण दाखवू दे असं हे म्हणाले. मग मी पुन्हा शिकवायला बसले. या वेळी राग नव्हता, घाई नव्हती. आजोबांचं चुकीचं आणि गुरुजींचं बरोबर, असं मला तिला सांगायचं नव्हतं. ते खरंही नव्हतं. मी तिला सांगितलं, मोजायच्या दोन तऱ्हा असतात. देवाचा धरून आणि देवाचा सोडून. आधी विचारायचं, मग मोजायचं.

तिला ते इतकं आवडलं की आम्हाला नको झालं. गोवऱ्या धरून किती, सोडून किती. पापड धरून किती, सोडून किती. एकी-बेकीत तर ती चुलत बहिणींना भारी पडायला लागली, कारण धरून एकी असली की सोडून बेकी, असं म्हणून हरलेला डावही ती आपलाच करायची. म्हशीजवळ ती गंभीरपणे उभी राहिली आणि म्हणाली, "धरून चार." सासूबाई म्हणाल्या, "झाली बया म्हस पुरी." त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला विनोद.

परीक्षेच्या दिवशी मी धाकट्याला कडेवर घेऊन देवळाबाहेरच्या पारावर बसले. पाण्याला जायचं सोडून पारावर का बसलीस असं दोघीचौघींनी विचारलं. मी म्हटलं, पाय दुखताहेत. आतून गुरुजींचा आवाज ऐकू येत होता. एकेका पोराला पुढे बोलवत होते. माझ्या मुलीचा नंबर आला तेव्हा मी धाकट्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, म्हणजे तो मध्येच रडायला नको.

गुरुजींनी तिच्यापुढे खडे ठेवल्याचा आवाज आला. "मोज पाहू."

माझ्या लेकीचा आवाज, स्वच्छ, न घाबरता. "गुरुजी, धरून का सोडून?"

"काय सोडून?"

"देवाचा."

मला वाटलं, आता हसतील, नाहीतर रागावतील. मी पारावरून उठले, पुन्हा बसले. गुरुजींनी तिला जवळ बोलावलं असावं, कारण पुढचं बोलणं हळू झालं. ती त्यांना काहीतरी सांगत होती, लाभ, पाटी, भाकरी असे शब्द तेवढे तुटक तुटक कानावर येत होते. मग गुरुजींचा आवाज आला, नेहमीपेक्षा मऊ.

"शाळेत सगळे धरून मोजायचे हो, बाळ."

"आठ," ती म्हणाली.

"आणि सोडून?"

"सात." हे तिनं मोजलंही नाही.

शाळा सुटल्यावर गुरुजी पायरीपर्यंत आले. मला म्हणाले, "पहिलीत घातली. आणि बाई, आमच्याकडे कोकणात पहिला फणस ग्रामदेवतेला जातो. मला सुचायला हवं होतं." एवढंच म्हणून आत गेले. मी त्यांना कशाला दोष देऊ? तापाची शंका त्यांनी मनात वाईट ठेवून काढली नव्हती, आणि ती शंका नसती तर मी तरी पोरीबरोबर फतकल मारून कधी बसले असते?

आम्ही तिघं घराकडे निघालो. नाशिकच्या रस्त्याच्या कडेला एक कुटुंब बोचकी टेकवून बसलं होतं. त्या काळात अशी माणसं वरचेवर दिसायची, दूरच्या मुलखातली, पिंपरीला काम मिळतं असं ऐकून आलेली. त्यातल्या बाईनं विचारलं, "कारखाना किती लांब हाय वो बाई?" मी वाट सांगितली, हे तिथंच असतात म्हणून सांगितलं. ती माझ्या मुलांकडे बघून हसली. "लेकरं किती हाईत तुमाला?"

"दोन," मी म्हटलं, नेहमीसारखं.

आम्ही पुढे निघालो. बाभळीपाशी आल्यावर मुलीनं माझा पदर ओढला.

"आये, देवाचा सोडून ना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी रस्त्यातच थांबले. सासूबाईंनी तिला कधीतरी सांगितलेलं असणार. सात-आठ वर्षं ज्याचं नाव मी काढलं नव्हतं, ज्याला नावच नव्हतं, त्याला ही चिमुरडी हिशेबात धरून होती.

"हो," मी म्हटलं. "सोडून."

"मंग धरून तीन."

"धरून तीन. बरोबर आहे."

ती समाधानानं पुढे पळाली, आणि मी धाकट्याला कडेवर सावरत तिच्यामागे गेले. घरी जाऊन भाकरी टाकल्या, पहिली गाईची बाजूला ठेवली. तेव्हापासून मला कुणी विचारलं, मुलं किती, की मी तीन सांगते. विचारणारा इकडेतिकडे बघतो, त्याला दोघंच दिसतात. मग मी सांगते, एक लाभाचा.